पालथा तांब्या

शाळेतून परत आलो की मला घराच्या आधी अंगण दिसायचं, आणि अंगणात पालथ्या वस्तू. एखादा कप, एखादं फुलपात्र, लाकडी काथवट, कुणीतरी विसरून गेलेली टोपी. सगळं पालथं, उन्हात, एकमेकांपासून हातभर अंतर राखून. पंगत मांडली आहे, पाहुणे येऊन बसलेही आहेत, फक्त आपल्याला दिसत नाहीत, असं वाटायचं. ही कल्पना माझी नाही. माझी घरमालकीणच तसं बोलायची.

"त्या कपावर बसलंय अजून. हात लावू नका, मास्तर."

"कोण बसलंय?"

"पडसं. सकाळी टपालवाला आल्ता न्हाई का, नाक वढत? तो गेला घरी. त्याचं पडसं राह्यलं बसून."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. भोकरदनच्या सरकारी वस्तानिया, म्हणजे मधल्या इयत्तांच्या, शाळेत मराठी शिकवायचो आणि गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला, हिच्या धाब्याच्या घरातली एक खोली भाड्यानं घेऊन राहायचो. धनगराघरची बाई. पन्नाशीची, उंच, काटक. पदरी दहा-बारा मेंढरं, खांद्यावर बारा महिने घोंगडी. घरात एकटीच. तिचं नाव मी लिहिणार नाही. गावातही तिला कोणी नावानं बोलवत नसे, 'मुदतवाली' म्हणत. मी तोंडावर मावशी म्हणायचो आणि पाठीमागं मीही मुदतवालीच म्हणायचो.

मुदत हा तिचा शब्द. कचेरीतला शब्द तिनं कुठून उचलला कोण जाणे. आजारी माणसाचा हात, तोंड, शिंक एखाद्या वस्तूला लागली की आजार तिच्यावर किती वेळ बसून राहतो, ती त्या वस्तूची मुदत. तेवढा वेळ वस्तू पालथी ठेवायची. मुदत सरली की उताणी.

"काच, चिनी माती, कल्हईचं भांडं, दोन दिस," ती सांगायची. "चकचकीत जागा त्याला लई आवडती. लाकडावर एक दिस. कापड न् कागद, सकाळी शिवलं तर दिवस मावळेस्तोवर. खरखरीत बसायला त्याला सोसत न्हाई."

"आणि हात?"

"हाताची मुदत विडा लावेपर्यंत. पन हात एका जागी राहतो का कवा? विडा लावता लावता दहा जागी पेरून येतो. म्हणून राखेनं धुवा म्हणते, तर तुम्हाला हसू येतं."

थंडीत मुदत लांबते, उन्हात निम्मी होते. चुलीवरून उतरलेल्या अन्नाला मुदत नाही. गार भाकरीला आहे, चिरून ठेवलेल्या काकडीला आहे. गुळाचं तिला ठरवता आलं नव्हतं. "गुळाचं मला अजून कळंना," असं ती मधूनच म्हणायची, हातात काठी धरून, मेंढरांकडे बघत. एखादं काम अर्धं राहिलेल्या माणसासारखी.

तांब्याच्या धातूचं विचारलं की मात्र तिचा चेहरा उजळायचा. "तांबं एक पाहर. बस. तिथं त्याला बसवतच न्हाई, चटका बसतो." एक पाहर म्हणजे तीन तास. म्हणून प्यायच्या पाण्यावर तिचा एकच तांब्या असायचा. जुना, पोचे पडलेला, चिंचेनं घासून घासून लालभडक झालेला.

घड्याळ घरात नव्हतं. अंगणात मेंढरांच्या वाड्याची एक मेढ रोवलेली होती. तिची सावली फिरायची त्या वाटेवर तिनं नदीतले गोटे पुरले होते. हा कापडाचा गोटा, हा तांब्याचा. ती बाहेर गेली म्हणजे मी खोलीच्या दारातून त्या सावलीकडे बघत राहायचो. सावली हलताना दिसत नाही, पण मान वळवून परत बघावं तर पुढच्या गोट्याशी आलेली असते. माझी त्या घरातली तीन वर्षं मला आता तशीच आठवतात. मधलं काही हलताना दिसत नाही.

हे वेड तिच्याकडे मेंढरांतून आलं. कळपात एखादं मेंढरू नाक गाळायला लागलं की तिचा बाप दगडी डोणीतलं पाणी ओतून देई, लाकडी काथवट उन्हात पालथी टाकी आणि दोन दिवस कळपाला नदीवर नेई. "आमच्यात हे समद्यांना ठाऊक," ती म्हणायची. "मेंढराला लावायचं न् माणसाला न्हाई, असं का? माणूस मेंढरापेक्षा स्वस्त हाय का?"

एकदा महसुलाचे गिरदावर दौऱ्यावर आले. कसलीशी चौकशी होती, माझ्या खोलीत बसले. मी चहा केला. चहा पितापिता त्यांना तीन शिंका आल्या. बशी खाली ठेवतात न ठेवतात तो ही आत आली, कप उचलला, त्यांच्यादेखत अंगणात नेऊन पालथा घातला आणि भोवती राखेचं कडं काढलं.

गिरदावर लाल झाले. "बाई, हा आमचा अपमान आहे."

"तुमचा न्हाई साहेब, कपाचा," ती म्हणाली. "तुम्ही जाऊ शकता. त्याला परवापर्यंत हितंच ऱ्हावं लागंल."

आणखी एकदा थंडीत शाळेत खोकल्याची साथ आली. मी तपासायला वह्या आणल्या, चाळीसएक असतील. तिनं त्या माझ्या हातून काढून घेतल्या आणि धाब्यावर नेऊन एकेक उघडून मांडल्या. दुपारभर वारा त्यांची पानं उलटत होता. खाली अंगणात मी वाट बघत उभा होतो आणि वर ती फडफड चाललेली. एखादा न दिसणारा मास्तर सावकाश, न चिडता, सगळ्यांचं शुद्धलेखन बघत असावा तशी. मी रागावलेलो होतो. तरीही ती दुपार मला माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारांपैकी एक वाटते.

तिची माणसं मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, हे मला वर्षभरानं कळलं. तिनंच सांगितलं, लोकर विंचरता विंचरता, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. आधी नवरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवस भरायच्या आत, थोरल्या पोरानं बापाची काठी हातात घेतली आणि तोही गेला. "लाकूड एक दिस, ते तवा कळलं." सासूनं आपल्या लेकाची घोंगडी संध्याकाळी पांघरली, ती वाचली. त्याच सासूनं पुढं धाकट्या पोराचा कल्हईचा पेला तोंडाला लावला, दीड दिवसानं, आणि ती गेली. धाकटा तर त्याआधीच गेलेला. ती बोलत होती, मी ऐकत होतो, आणि एकाएकी माझ्या ध्यानात आलं की अंगणातल्या त्या प्रत्येक गोट्याखाली एकेक माणूस आहे.

राहिली ती एक लेक, तीन वर्षांची. घरात सगळीकडे आजार बसलेला. तिनं त्या पोरीला फक्त तांब्यातून पाणी पाजलं. स्वतः तापात असताना प्यायची, तांब्या पालथा घालायची, एक पाहर थांबायची, मग भरून पोरीला द्यायची. "पोर पाण्यासाठी रडायची, मास्तर. तिचं रडणं ऐकत मी सावलीकडं बघत बसायची." पोर वाचली. आता ती शहागडला दिली होती, तिच्या कडेवरही मूल होतं.

"तांब्यानं वाचवली," ती म्हणाली. मग लाजल्यासारखी, "मी वाचवली."

एवढं सगळं मला ठाऊक होतं. तरी जे केलं ते केलं. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही.

मी जालन्याच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलो. लहानपणी आईनं मला सोवळ्याच्या हंड्याला शिवलो म्हणून दिवसभर उपाशी ठेवलेलं आहे. शिकलो, वर्तमानपत्रं वाचायला लागलो, तसा त्या शिवाशिवीचा मला संताप यायला लागला. वर्गात मी त्यावर तावातावानं बोलायचो. आणि घरी यावं तर ही! नाक जरा वाहिलं की माझं फुलपात्र पालथं, मी खोलीत. मला वाटायचं, हेही सोवळंच, नवीन लुगडं नेसलेलं. "मावशी, तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "घडा उद्या उताणा करते, मंग वता."

शाळेत उर्दू शिकवणारे एक मौलवीसाहेब माझे स्नेही होते. पहिल्यांदा घरी आले तेव्हा तिनं आपल्या तांब्यातून त्यांना बिनदिक्कत पाणी दिलं. त्याच दिवशी मला सर्दी होती, मला मात्र उंबऱ्याच्या आत ठेवलं. शहाण्यानं तिथंच समजून घ्यावं. तिच्या विटाळाला जात नव्हती, धर्म नव्हता, फक्त शिंक होती. पण मला राग आला. मौलवीसाहेबांना मजा वाटली. पुढं भेटले की विचारायचे, "क्यों मास्टर, बुढ्ढी ने पानी पिलाया या नै?"

माघ महिन्यात एका कार्यासाठी मी जालन्याला गेलो. घरात निम्मी माणसं तापानं पडलेली होती. गुरुवारी संध्याकाळी परत आलो तेव्हा माझं अंग मोडून आलं होतं. ती उंबऱ्यात उभी.

"नाक वाहून राह्यलं का, मास्तर?"

"नाही."

"अंग दुखतं?"

"मोटारीत आदळून दुखणारच."

ती बाजूला झाली. तिच्या एका नात्यातला मेंढपाळ आदल्या दिवशी येऊन गेला होता, नाक गाळत. संध्याकाळी तो तांब्यातून पाणी प्याला होता. तांब्या एक पाहर पुरे असताना तिनं तो रात्रभर पालथा ठेवला होता. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढं सगळं त्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची सुट्टी. नमाज आटोपून मौलवीसाहेब आले. ती मेंढरं घेऊन नदीवर गेली होती. माझं डोकं तापानं हलकं झालेलं, सगळं जरा लांबून दिसत होतं. त्यांनी पान लावता लावता तेच विचारलं, "आज तरी पानी मिला?"

मी उठलो. तिच्या माजघरात गेलो. तांब्या भरून ठेवलेला होता. मी तो बाहेर आणला, मौलवीसाहेबांच्या समोर तोंड लावून प्यालो आणि ठसका लागून त्यातच खोकलो. "घ्या," म्हटलं, "मोडलं म्हातारीचं सोवळं."

ते हसले, पण पुरते नाही. मी तांब्या होता तिथं, होता तसा, उताणा ठेवून आलो.

त्यांचं पान संपायच्या आत ती परत आली. उन्हातून चालून तोंड सुकलेलं. सरळ आत गेली. मी दारातून बघत होतो. तिनं तांब्या उचलला आणि घटाघटा प्याली. तिचा गळा हलताना मला दिसला. तोंडातून शब्द काढायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

रविवारी तिला ताप भरला. माझा ताप तोवर उतरत आला होता. वह्या तपासतोय म्हणून मी खोलीतच होतो, कुणाला कळलं नाही. तिनं हाक मारली. मी उंबऱ्याशी गेलो.

"मास्तर, एक खरं सांगा. रागवायची न्हाई मी. तुम्ही माझा तांब्या शिवला का? शिवला असंल तर कवा? मला वेळ पाहिजेल, बाकी काही नको."

तिला खरंच तेवढंच हवं होतं. आता हे मला स्वच्छ दिसतं. ती मला पकडत नव्हती. तिला फक्त तो वेळ गोट्यांशी लावून बघायचा होता.

"मी शिवलोच नाही, मावशी," मी म्हणालो.

ती धाब्याकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "मंग त्या पाव्हण्याचंच. म्हंजी रातभर बसलं. तांब्यावर रातभर बसलं!" तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मंग माझी मुदत चुकली की वो, मास्तर."

दिवसेंदिवस तिचा खोकला छातीत उतरत गेला. मी तिचं सगळं केलं. पेज, काढा, शेक. मला ठाऊक होतं की माझा ताप होऊन गेलाय, मला भीती नाही. गावाला ते ठाऊक नव्हतं. लोक म्हणायला लागले, मास्तरनं कमाल केली, जिवाची पर्वा न करता म्हातारीपाशी बसतो. मी ते ऐकून घेतलं.

सहाव्या दिवशी शहागडहून लेक आली, कडेवर पोरगं. दारातच तिनं विचारलं, "आई, तांब्या पालथा हाय का? एक पाहर थांबते, मंग पाणी पाजते तुला."

"आत येऊ नको," ती आतून म्हणाली.

"असं काय करते? तांबं एक पाहर. तूच सांगितलंय ना?"

"तांबं खोटं निघालं, बाई. आता मला कशाचीच मुदत ठाऊक न्हाई. पोराला घेऊन लिंबाखाली बस. हितलं काहीच शिवू नको."

लेक हसली आधी. मग तिच्या ध्यानात आलं की आई खरंच म्हणतेय. दोन दिवस ती लिंबाखाली बसून होती. मधे एकदा न राहवून उंबऱ्यापर्यंत आली आणि आत हात पुढं केला. म्हातारीनं आपला हात घोंगडीखाली ओढून घेतला. लेकीनं मग माझ्याकडे बघितलं. "दादा," म्हणाली, "तुम्ही हायेत म्हणून आईला कुणीतरी हात लावून राह्यलं," आणि खाली वाकून माझ्या पायाला शिवली.

एक वाक्य होतं. शुक्रवारी, नमाजानंतर, मी. तेवढ्यानं तांबं खरं ठरलं असतं, लेकीला तांब्या हातात घेता आला असता, आईच्या तोंडाला लावता आला असता. मौलवीसाहेब शाळेत म्हणाले होते, "बोल दो, मास्टर. चैन पड़ेगा बिचारी को." मी म्हटलं, उद्या बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, सावली अजून पहिल्या गोट्याला लागायची होती, तेव्हा ती गेली. शुद्धीवर असताना शेवटचं जे बोलली ते गुळाबद्दल नव्हतं. "पोर मंग कशानं वाचली?" असं तिनं विचारलं. मला की स्वतःला, ते कळलं नाही. मौलवीसाहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पाण्याचंही पुन्हा विचारलं नाही.

माझ्या ठसक्यानंच तिला झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. त्या पाहुण्याचंही असेल, नदीवर भेटलेल्या कुणाचं असेल. सोळा वर्षं मी हे स्वतःला सांगत आलो. पण मी जे खोटं बोललो त्यात कसलीच शंका नाही, आणि तिचा हात घोंगडीखाली गेला तो आजारानं नव्हे, त्या खोट्यानं.

परवा मी शहागडला गेलो. कामानं नाही, एवढ्यासाठीच. गोदावरीच्या उतारावर लेकीचं घर आहे. तिचे केस पिकायला लागलेत, चालणं थेट आईचं. "मास्तरदादा!" म्हणून तिनं ओळखलं, घोंगडी टाकली, काचेच्या पेल्यात पाणी आणलं.

मी पेला हातात धरला नाही. "आईचा तांब्या कुठं आहे?" विचारलं.

"माळ्यावर टाकला. आईच म्हणली न्हाई का, तांबं खोटं निघालं."

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. संपल्यावर तिनं खाली बघत विचारलं, "तोंड लावून?"

"हो."

"खोकला त्याच्यात?"

"हो. एकदा."

"आई कवा आली मंग?"

"मौलवीसाहेबांचं पान संपायच्या आत."

"म्हंजी वलंच होतं," ती हळू म्हणाली. बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग आईचं बराबर होतं."

खाली नदीवर नाव लागत होती, नावाडी कुणाला तरी हाका मारत होता. ती उठून आत गेली. माळ्यावरून भांडी सरकवल्याचा आवाज आला. तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तो हिरवा पडलेला होता. पायरीवर बसून तिनं तो चिंचेनं घासला, खूप वेळ, पोच्यांच्या आतपर्यंत. लाल झाला तशी धुतला, भरला आणि स्वतः आधी प्याली. मग माझ्यापुढं धरला.

"आईनं मला हात लावू दिला न्हाई, मास्तर," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

मी प्यालो. तिनं तांब्या माझ्या हातून घेतला, अंगणात नेला, मधोमध पालथा घातला आणि कपाळावर आडवा हात धरून सूर्याकडे पाहिलं.

"बसा," म्हणाली. "एक पाहर."

मला पडसं नव्हतं, ताप नव्हता, आणि तिलाही ते दिसत होतं. मी बसलो.